परक्या नावाची पत्रं

५ मार्च २००१, डेजॉन
नोकरीचा पहिला दिवस. टेबल खिडकीशी मिळालं. शेजारच्या नाग्यंगताईंनी डब्यातला किंबाप, भाताच्या गुंडाळ्या, पुढे केला. काम मजेचं आहे: शाळांचे ईमेल सर्व्हर तपासायचे. बाहेरून, भलत्याच्याच नावाने, तिसऱ्याच पत्त्यावर पत्र टाकून बघायचं. सर्व्हरने ते मुकाट पुढे नेलं, तर तो उघडा. कुठलाही ठक त्यातून कुणाच्याही नावाने पत्रं धाडू शकतो. आई फोनवर म्हणाली, म्हणजे पोस्टमनची परीक्षा घेतेस.

८ मार्च
एकवीस शाळा तपासल्या, चौदा उघड्या. माझ्याआधी हे काम करणारे प्यो जानेवारीत ईमेलनेच राजीनामा देऊन गेले. निरोप घ्यायलाही आले नाहीत, असं ताई जरा रागाने म्हणाल्या.

१२ मार्च
सहज आमचाच सर्व्हर तपासला. उघडा. रोज लाखभर परकी पत्रं त्यातून जातात, आणि ही वाट आमचे साहेब कू यांनीच उघडी ठेवलेली. सर्व्हरच्या नोंदींत दिसलं, प्योंचा राजीनामासुद्धा बाहेरूनच आलेला, माझ्या चाचणीच्या पत्रांसारखा.
साहेबांना जाऊन विचारलं. "तू शाळांचं बघ," एवढंच म्हणाले.

१३ मार्च
प्योंच्या बायकोला फोन केला. तिलाही पत्र आलं होतं: मला शोधू नका. पोलिसांनी ते वाचलं आणि फाईल मिटली. ना सही, ना अक्षर. नुसत्या नावावर सगळ्यांचं भागलं.

१५ मार्च
ताईंनी विचारलं, नोकरी का सोडतेस? त्यांना आलेलं पत्र दाखवलं. माझं नाव. दोनदा माफी मागायची माझी खोडसुद्धा. मी नाही लिहिलं, म्हटलं.
"मग कोणी लिहिलं, ह्येरिम? नाव तर तुझंच आहे."

१६ मार्च, सकाळ
टेबल रिकामं. कुणी वर बघेना — ताईसुद्धा —
आईला फोन केला. ती रडत होती. मी बोलतेय ना गं, म्हटलं. म्हणाली, आवाज तसाच आहे, पण तूच पत्रात लिहिलंयस, फोन आला तर विश्वास ठेवू नकोस —

दुपार, पोलीस चौकी
इथेही पत्र आधीच पोचलंय: माझं डोकं ठिकाणावर नाही, चौकीत आले तर कू साहेबांना बोलवा. मीच लिहिलंय म्हणे. हवालदाराने त्यांना बोलावलं. मला पाणी दिलं. प्रेमाने —
बाहेर गाडी थांबली.
वहीत माझ्या अक्षरात लिहून ठेवते — मी स्वखुशीने जात