लसणाच्या वासाचा माल

आई, तू गेल्यावर मी बिअरच्या कारखान्यात कामाला लागले. आधी तेच सांगून टाकते. तुला वाचायला येत नव्हतं आणि मलाही चौथीच्या पुढं कुणी धाडलं नाही, त्यामुळं मी एकेक ओळ तोंडानं म्हणत लिहिते आहे, तू ऐक. चिडायचं असेल तर आत्ताच चिडून घे. ज्या बाईनं गावातल्या बायका गोळा करून मतदान लावलं, आडव्या बाटलीवर शिक्के मारायला लावून दारूचं दुकान बंद पाडलं, तिची पोरगी बिअरच्या कारखान्यात. बोल आता. पण मलाही ठाऊक आहे की बा कधी पीत नव्हता, आणि ते दुकान आपल्या मिरची कांडायच्या डंक्यासमोर नसतं तर तू तिकडं ढुंकूनही बघितलं नसतंस. भरदुपारी माणसं आपल्या पायरीवर लवंडायची आणि मिरच्या घेऊन आलेल्या बाया माघारी फिरायच्या, हे तुझं खरं दुखणं. मी दारू विकत नाही, पीत नाही, कुणाला पाजत नाही. मी वास घेते. त्याचा पगार मिळतो.

हॉप्स म्हणून एक वेल असते, थंड मुलखातली. तिच्या फुलांनी बिअरला कडूपणा येतो आणि वासही येतो. आपल्याकडं ती पिकत नाही, गगनबावड्याच्या पावसात तर कुजूनच जाईल. ती फुलं वाळवून, दळून, दाबून हिरव्या गोळ्या करतात, दिसायला थेट म्हशीच्या पेंडीसारख्या, आणि आतली हवा काढून चंदेरी पाकिटात बंद करून पाठवतात. माल आला की वापरायच्या आधी आमच्या लॅबमध्ये येतो. ओल किती धरली आहे ते भट्टीत वाळवून बघतात, कडूपणा मशीन सांगतं. वासाला मात्र नाकच लागतं. गोळी चिनीमातीच्या खलात चुरायची (तुझा एक ठोका बसला तर त्या खलाचे चार तुकडे होतील), चुरा तळहातावर घेऊन दुसऱ्या तळव्यानं घासायचा आणि हात जरा ऊन झाला की नाकाशी धरायचा. चांगल्या मालाला लिंबाच्या सालीचा, कापलेल्या गवताचा वास येतो. जुन्या झालेल्याला न धुतलेल्या पायमोज्याचा. पहिल्यांदा मला हे दाखवलं तेव्हा मी हसले. कुणी मिरच्यांचं पोतं आणलं की तू एक मिरची मोडून अशीच तळहातावर घासायचीस आणि मग थोडा वेळ गप्प बसायचीस. समोरच्या बाईचा जीव टांगणीला.

लागले होते मी काचेची भांडी धुवायला. एकदा साहेबांनी वॉचमनपासून कॅन्टीनच्या आचाऱ्यापर्यंत सगळ्यांना तीन-तीन पेले हुंगायला दिले. दोन सारखे, एक वेगळा, वेगळा कुठला ते सांगायचं. पुन्हा पुन्हा देऊन बघितलं, तेव्हा तिघंच टिकलो. लॅबच्या मॅडम, स्टोअर सांभाळणारा माणूस आणि मी. तेव्हापासून वासाच्या टेबलाला आम्ही तिघं बसतो, आणि भांडी धुवायला दुसरी पोरगी आली. टेबलाचे नियम आहेत. गजरा नाही, डोक्याला वासाचं तेल नाही, आणि त्या दिवशी पोटात कांदा-लसूण नाही. मॅडमना त्याचं काही नाही, त्या जैनांच्या सूनबाई, त्यांच्या घरात लसणाची पाकळीही येत नाही. मी मात्र तुझी पोरगी, चटणीशिवाय भाकरी घशाखाली उतरत नाही. सुरुवातीला एकदा खाऊन गेले आणि सगळ्यांचा दिवस वाया घालवला. त्यानंतर सोडली. कामाच्या दिवशी दही-भाकरी खाते. चटणीची बरणी फळीवरून माझ्याकडं बघते, मी तिच्याकडं बघत नाही.

त्या दिवशी नवा माल आला होता. पाकीट फोडलं मी, कुटलं मी, हातावर घासून मॅडमच्या पुढं धरलं. त्यांनी नाक लावलं आणि मान झटक्यानं मागं नेली.

"मावशी, आज परत चटणी?"

"मॅडम, आज गुरुवार हाय. दत्ताचा उपास हाय माझा. पोटात पाण्याबिगर काय न्हाई."

"मग काल रात्री वाटली असेल. तुमच्या हाताला लसूण आहे."

स्टोअरवाल्यानं वाकून वास घेतला आणि दात काढले. "मावशीनी नुसता हात फिरवला तरी कालवणाला चव यील की."

"तू गप. तुझ्या घरात कोण रांधतंय ते ठावं हाय मला," मी म्हणाले. पण आतनं मी गारठले होते. कारण वास होता. मलाही येत होता. आणि त्या खोलीत लसूण खाणारी, एकदा चुकलेली, मीच.

साहेब आले. भला माणूस आहे, आवाज चढवत नाही, त्याचाच जास्त राग येतो. म्हणाले, "मावशी, मनाला लावून घेऊ नका. काही दिवस भांड्यांकडंच बघा. इथला वास चुकला तर टाकीच्या टाकी बिघडते."

आई, भांडी धुण्याची मला लाज नाही. आयुष्यभर धुतली. पण चाळिशी उलटल्यावर कुणीतरी मला खुर्ची दिली होती, मी काय म्हणते ते थांबून ऐकत होतं, आणि न केलेल्या गोष्टीसाठी ती खुर्ची जाणार होती. मी काही रडले नाही. म्हणाले, "साहेब, म्या भाईर जाते. दुसरं पाकीट फोडा, खल दुसरा घ्या, आणि मॅडमनी आपल्या हातानं कुटावं. त्यांच्या हाताला तर कुणी नाव ठेवणार न्हाई न्हवं? वास आला न्हाई तर उद्यापासनं म्या मोरीत."

साहेबांनी नवं पाकीट मागवलं. "बरोबर आहे. तसंच करू," म्हणाले.

मी व्हरांड्यात उभी आहे. आतनं खलाचा आवाज येतोय, नवख्या हाताचा, अडखळत. आणि मला डंका आठवतोय. मी असेन आठ-नऊ वर्षांची. शेजारची काकू मिरच्या घेऊन आलीय. तिच्या परड्यात पेरूचं झाड आहे आणि ती रोज मला एक पेरू देते. तू मिरची घासतेस, गप्प बसतेस, आणि तू काही बोलायच्या आधी मीच ओरडते, "चांगल्या हायत गं, आई." पाठीत असा धपाटा बसतो की डोळ्यांपुढं काजवे. "ती तुला आवडती म्हणून मिरची चांगली व्हती व्हय गं?" मग काकूकडं वळून, "ओल हाय. वाळवून आण, न्हाईतर पावसाळ्यात बुरशी यील आणि माझ्या नावानं शिमगा करशील." काकू तरातरा निघून गेली. पेरू बंद झाले. मी कितीतरी दिवस तुझ्यावर धुसफुसत होते, एका पेरूसाठी.

दार उघडलं आणि मॅडम हात लांब धरून बाहेर आल्या, जणू हाताला आग लागली आहे. "मावशी, हुंगा."

मी नाक लावलं. तो माल राहिला नाही, त्या मॅडम राहिल्या नाहीत. तो तुझा हात होता. संध्याकाळी डंका बंद करून तू राखेनं हात घासायचीस, मग चिंचेनं, तरी रेघांमध्ये लसूण राहायचाच, आणि त्याच हातानं तू माझं तोंड पुसायचीस. नको म्हणून मी तोंड फिरवायचे. इतक्या वर्षांनी तो हात एका जैनाच्या सुनेच्या मनगटाला लागून माझ्यापुढं आला होता. खोटं कशाला बोलू, "चांगला हाय" हे शब्द माझ्या जिभेवर आले होते. पाठीत काहीतरी बसल्यासारखं झालं.

"लसूणच हाय मॅडम. मालातला. परत धाडा."

मॅडम आपल्या हाताकडं बघत होत्या. "सासूबाई आज मला उंबऱ्याच्या आत घेणार नाहीत," त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघी हसलो. साहेबांनी सांगितलं की वेलीवर फुलं जास्त दिवस ठेवली, उशिरा तोडली, तर असा वास धरतो. त्यांनी वाचलं होतं, पण आमच्याकडं असा माल कधी आला नव्हता. "दुसरीकडं असतं तर आधी पाकिटावर संशय घेतला असता," ते म्हणाले. "कोल्हापुरात लसणाचा वास आला की आम्ही आधी माणसाकडं बघितलं. चुकलंच." पुढच्या गुरुवारी माझ्या खुर्चीवर राजगिऱ्याचे लाडू होते, मॅडमनी घरी केलेले. एक स्टोअरवाल्यानं पळवला.

माल परत गेला. खुर्ची माझी आहे, आणि आता मी सांगते ते खरं धरतात. मी काही मोठं केलं नाही, तुझा धपाटा लक्षात ठेवला. तू बंद पाडलेलं दारूचं दुकान बंदच राहू दे, मी ते उघडायला आलेली नाही.

हे कुठं धाडायचं नाही, तुझ्यापर्यंत जाणारा पोस्टमन अजून जन्माला यायचाय. फक्त एक सांगायचं राहिलं. लॅबमधला कण बाहेर न्यायचा नाही, असं त्या भांडीवाल्या पोरीला मीच दरडावते. तरी त्या परत जाणाऱ्या मालातला चिमूटभर चुरा मी पदराच्या गाठीत बांधून गगनबावड्याला घरी आणलाय. हळदी-कुंकवाच्या रिकाम्या डबीत आहे, चटणीच्या बरणीमागं. झाकण फार उघडत नाही, वास उडून जाईल. माल वाईटच आहे, आई. मला आवडतो, एवढंच.