सातव्या मजल्यावरचं कुत्रं

उलानबातर,
नव्या वर्षाचा पहिला आठवडा

आदरणीय संजादादांना धाकट्या चोइजिलचा वाकून नमस्कार.

तुमचा हिवाळा सुखात चाललाय ना? मेंढ्यांच्या अंगावर चरबी टिकून आहे ना? वहिनींचा गुडघा वारं सुटायच्या आदल्या दिवशी अजून दुखतो का? (दुखत असेल तर उत्तमच. रेडिओपेक्षा माझा त्याच्यावर जास्त भरवसा आहे.) माझी पांढरी उंटीण तुमच्यावर थुंकली असेल तर मनावर घेऊ नका, तिला माणसांची पारख नाही. इकडे मी खुशाल आहे. थंडी आपल्या गोबीइतकीच, पण आपल्याकडची येते आणि पुढे जाते. इथली राजधानीची थंडी दोन इमारतींच्या मधे अडकून बसते आणि कोळशाचा धूर पांघरून घेते.

निघताना तुम्ही मला एकच शब्द शिदोरीसारखा बांधून दिला होतात: 'नाही'. आपल्या अनुदारीने शहरातला मुलगा पसंत केलाय, त्याच्या घरी जायचं, चहा प्यायचा आणि 'नाही' म्हणून परत यायचं. मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. ज्याने आयुष्यात मेंढी धरली नाही त्याच्या हाती आपली मुलगी द्यायची कशी, हे तुमचं म्हणणं मला पटलेलं होतं आणि तो शब्द मी वाटभर जिभेखाली जपून ठेवला होता.

पण अनुदारी म्हणाली, "बाबा, आलाच आहात तर आधी शहर बघा. पाहुणा म्हणून फिरा." म्हणून फिरलो. मोठा चौक पाहिला. (कुरण म्हणून वाया गेलेली जागा आहे.) मग तिने मला तिकीट काढून प्राचीन प्राण्यांची हाडं दाखवायला नेलं. दादा, ती हाडं आपल्या गोबीतली! खालच्या विहिरीपलीकडची लाल टेकडी आहे ना, तिथली. पाटीवर नावच आहे. मी ओळखीच्या माणसासारखा त्या सांगाड्याच्या पायाला हात लावला, तर पहारेकरी धावत आला. "आजोबा, हात लावायचा नाही." मी म्हटलं, "अरे, हा आमच्या तालुक्याचा आहे." तो म्हणाला, "मग तालुक्यात का नाही सांभाळलात?" याचं उत्तर तुम्हाला सुचलं तर कळवा.

आता मुद्द्यावर येतो. अनुदारीची कामाची पाळी होती, म्हणून मुलाकडे मी एकटाच गेलो, खांद्यावर गोठलेली अख्खी मेंढी घेऊन. इमारत एवढी उंच की टोपी सावरूनच बघावी. खाली लोखंडी दार, दारावर बटणंच बटणं. कुठलं दाबायचं ते अनुदारीने सांगितलं होतं, पण थंडीत ते डोक्यातून गळून पडलं. मग मी कुठलाही शहाणा माणूस करील तेच केलं. दारापासून चार हात लांब उभा राहिलो आणि पोटातून ओरडलो, "कुत्रं धराऽऽ!"

आपल्याकडे कुत्रं असो नसो, पाहुण्याने हेच ओरडायचं असतं. मुक्याने दाराशी जातो तो चोर. पण इथे खिडक्या फटाफट उघडल्या. एक बाई म्हणाली, "कुणाचं कुत्रं? कुणाला चावलं?" दुसऱ्या मजल्यावरून एक जण खेकसला, "आजोबा, इथे कुत्रं नाही!"

"मग घर कोण राखतं?"

"कुलूप!"

"त्याला खायला काय घालता?" मी विचारलं, तर त्याने खिडकी लावून घेतली. तेवढ्यात एक मुलगी बाहेर आली. तिच्यापाशी स्वेटर घातलेलं, मुठीएवढं काहीतरी होतं. तिने ते घाईघाईने उराशी धरलं आणि म्हणाली, "धरलंय हो काका, जा." बिचारी चांगल्या घरची असावी. पण ते काही माझ्या यजमानांचं कुत्रं नव्हतं, म्हणून मी जागचा हललो नाही. पुन्हा ओरडलो. मिश्यांवर बर्फ धरलं, खांद्यावरच्या मेंढीत आणि माझ्यात फारसा फरक राहिला नाही. शेवटी ठरवलं, आता 'नाही' इथूनच ओरडून सांगावं आणि गावचा रस्ता धरावा.

तोंड उघडणार, इतक्यात अगदी वरची, सातव्या मजल्यावरची खिडकी उघडली आणि म्हातारा पण खणखणीत आवाज आला, "धरलंय! धरलंय! निवांत या!"

ती दुल्माआजी, मुलाची आजी. पाठोपाठ मुलगा तेमुलेन घरातल्या सपाता घालून बर्फात धावत आला. लिफ्ट बंद होती. (दिव्याखाली अंधार.) त्याने माझ्या खांद्यावरची मेंढी स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि सात मजले चढला. म्हणजे मेंढी त्याने धरली, दादा. मेलेली का असेना.

वर चहा खारट, दाट, आपल्यासारखा. दुल्माआजी माझा हात सोडेना. म्हणाली, "गवताळ रान सोडून या घरात आले तेव्हापासून सगळे नुसती घंटा वाजवतात रे. माझ्या दाराशी माणूस आज आला." मग डोळे पुसून दटावलं, "थंड होतंय, खा!" आणि मटण भरून उकडलेले वाफाळते बूज माझ्यापुढे रचत गेली. मी तपकिरीची कुपी काढून तेमुलेनपुढे धरली. मनाशी ठरवलं होतं, पोराने डाव्या हाताने घेतली तर उठायचं. त्याने बाह्या खाली ओढून, उजव्या हाताने, अदबीने घेतली. नंतर असा शिंकला की मांजर कपाटावर चढलं, पण शिंकेला रीत नसते.

मग आजीने विचारलं, "काय म्हणता मग, मुलांचं?" दादा, तोंडात बूज असताना 'नाही' म्हणता येत नाही. मी प्रयत्न केला. गिळून झाल्यावर बाहेर पडलं ते 'बघू'. अनुदारी म्हणते, बाबांचं 'बघू' म्हणजे 'हो'. तिला माझ्याबद्दल इतकं ठाऊक आहे हे मला ठाऊक नव्हतं.

थोरल्यांचे आशीर्वाद असू द्यावेत. वहिनींना नमस्कार, मेंढ्यांना मीठ.

तुमचा आज्ञाधारक (बहुतेक वेळा),
चोइजिल

ता. क. वसंतात मुलाकडचे रीतसर मागणी घालायला तुमच्या दाराशी येतील. 'कुत्रं धरा' कसं ओरडायचं ते मी तेमुलेनला जिन्यात शिकवतोय. शेजारी तक्रार करतात.

ता. क. तो ओरडेल तेव्हा तुमच्या खाल्तर कुत्रीला खरोखरच धरा. पोरगा कुत्र्यांना फार घाबरतो. हे मी वर लिहायला विसरलो.

ता. क. पत्र लिहायचं खरं कारण: खाल्तरच्या पिल्लांतलं कपाळावर ठिपका असलेलं पिल्लू टपालाच्या ट्रकवाल्याबरोबर पाठवून द्या. तेमुलेनला मी अजून सांगितलेलं नाही. पण दुल्माआजी त्या दिवशी अख्ख्या इमारतीसमोर 'धरलंय' म्हणाली, आणि घरात धरायला मांजराशिवाय काही नव्हतं. आता व्याह्यांच्या घरातलं वडीलधारं माणूस खोटं पडू देणं आपल्याला शोभत नाही.