आधी मत, मंग चूल

माय, आपला अंबड मतदारसंघ आता राहिला नाही. तू गेल्यावर नव्यानं हद्दी आखल्या; निम्मी गावं घनसावंगीत गेली, निम्मी बदनापुरात. आपली वस्ती घनसावंगीत आली. तुला हे बिलकुल रुचलं नसतं. त्या अंबडच्या मतासाठी तू काय काय केलंस, ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

तेव्हा मतदान नाल्यापलीकडच्या मोठ्या गावात असायचं. बाया भाकरी थापून, पोरांना खाऊ घालून, ऊन चढल्यावर निघायच्या. तोवर त्यांच्या नावानं दुसरंच कुणी मत टाकून गेलेलं असायचं. तिथले पुढारी हसून म्हणायचे, "मावशी, तुमचं मत पडलं की!" एका निवडणुकीला तू कोऱ्या बोटानं परत आलीस. पुढच्या निवडणुकीला सकाळीच तू थंड चुलीसमोर उभी आहेस, पदर खोचलेला. बा भाकर मागतोय. "आधी मत, मंग चूल," तू म्हणतेस. "अगं, मेंढरं न्यायचीत मला." "मंग जल्दी चला." घरोघर बायांनी हेच ठरवलेलं. भुकेली गडीमाणसंच बायांना घाई करत निघाली, अन् केंद्र उघडायच्या आत आपल्या वस्तीची रांग लागली. तिथल्या साहेबाला तू म्हणालीस, "आमचं मतदान आमच्या शाळेत घ्या. न्हाईतर दर वेळी असंच उपाशी येऊ." पुढच्या वेळी केंद्र आपल्या शाळेत आलं.

यंदा ते जाणार होतं. मतदार थोडे, म्हणून केंद्र पुन्हा नाल्यापलीकडं न्यायचं, असं नव्या साहेबांनी शाळेत बैठक घेऊन सांगितलं. गडीमाणसं माना डोलवत बसली. मी तुझी लेक, अन् तू मला याच वस्तीत दिलेली, मंग गप्प कशी बसणार? उठले अन् म्हणाले, "साहेब, मतदारसंघाचं नाव बदललं, आम्ही बदललो न्हाई. केंद्र हललं तर वस्तीत चूल पेटणार न्हाई." मागं वळून पाहिलं तर साऱ्या बाया उभ्या होत्या. त्यातल्या कितीकींनी तुला पाहिलेलंही नाही, पण मतदानाच्या दिवशी बोटाला शाई लागेपर्यंत त्यांच्या घरची गॅसची शेगडीसुद्धा पेटत नाही. केंद्र जागेवर राहिलं. लई अभिमान वाटला माय, तुझा अन् थोडा माझाही.

हे तुला पोचायचं नाही, ठाऊक आहे. तरी कुणाला सांगितलं नाही ते तुला सांगते. बोलताना माझे पाय लटलट कापत होते, साडीमुळं दिसले नाहीत इतकंच. तुझेही कापत होते का गं?