नावाची पहिली बारा घरं

२ मार्च २०१६

आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही. दाखवून उपयोगही नाही, कारण या गावात माझं बोलणं समजेल असा मी एकटाच.

पुण्याची कंपनी सोडली. कंपनीचं म्हणणं, तिनं मला सोडलं. शब्दांचे खेळ. मॅनेजर कुलथे निरोपाच्या वेळी म्हणाला, गहिनीनाथ, तू समजून घ्यायच्या आधीच पळत सुटतोस. वेगाची असूया, दुसरं काय.

संकल्प : लिनक्सच्या कर्नेलमध्ये सुधारणा करणार. कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. कुठलीही फाइल उघडायची तर कर्नेलला आधी तिचं नाव शोधावं लागतं, आणि जगातली सगळी मशीन दिवसभर हीच शोधाशोध करत बसलेली असतात. ती मी वेगवान करणार. सुधारणा मंजूर झाली की जगातल्या प्रत्येक मशीनमध्ये मुळ्यांच्या गहिनीनाथचं काम. मग कुलथे फोन करेल, या म्हणेल. मी विचार करून सांगतो म्हणेन.

आईनं शेजारच्या कौशल्याबाईला सांगितलं, की पोरगं कर्नलच्या हाताखाली लागलंय. आता अर्ध्या गावाला वाटतं मी मिलिटरीत गेलो. खुलासा केला नाही. खुलासा समजायलाही डोकं लागतं.

५ मार्च

चुलत्यांनी, म्हणजे धोंडीरामअण्णांनी, बोलावून घेतलं. अण्णा दूध सोसायटीचे चेअरमन. गेल्या पावसाळ्यात पाऊस झालाच नाही, विहिरींचे तळ दिसतायत, टँकर येईल तेव्हा येईल. म्हणून सोसायटीनं माळावर जनावरांची छावणी उघडलीय. माणसानं फाटकावर नाव सांगायचं, कम्प्युटरवाल्यानं त्या सभासदाची फाइल उघडून त्यात जनावर चढवायचं, चिठ्ठी छापायची, की चारा मिळतो. कम्प्युटरवाला मी.

मी म्हटलं, अण्णा, माझं संशोधन चालू आहे. अण्णा म्हणाले, कर की बे, तितं पंखा हाय.

पंख्यासाठी नव्हे, प्रयोगशाळा म्हणून स्वीकारलं. आमच्या दोन गाई छावणीतच आहेत, म्हणून आईचाही हट्ट. कम्प्युटर कुणीतरी टाकून दिलेला. त्यात सभासदांच्या फाइली, नावं सरकारी पद्धतीनं, आडनाव आधी. सभासद झाडून सगळे मुळे. दुसऱ्या आडनावाच्या माणसाला अण्णा सभासद करून घेत नाहीत, निवडणुकीत मतं इकडची तिकडं होतात म्हणे. सहकार!

८ मार्च

फाटकावरच्या माणसांबद्दल लिहावं तेवढं थोडं. सगळ्यात आधी येते दगडाबाई. एकटी म्हातारी, एकच म्हैस, तीही भाकड. नाव विचारलं तर आधी म्हशीची तब्येत सांगते. मग मालकाचं नाव घ्यायचं नसतं म्हणून त्यांच्या घराचा पत्ता, बांधावरची चिंच, थोरल्या दिराचं भांडण. तिचं स्वतःचं नाव सगळ्यात शेवटी. मी म्हटलं, बाई, फक्त नाव सांगा. तर म्हणाली, एकदम नाव सांगाया मी काय चोर हाय का?

अशा लोकांसाठी मी वेग निर्माण करतोय.

मशीनही तिच्याच वळणाचं. नाव टाकलं की घरघरतं, विचारात पडतं, मग फाइल उघडतं. रांग पार बाभळीपर्यंत जाते. लोक मला शिव्या देतात. दोष कर्नेलचा आहे हे त्यांना कसं समजावणार?

१४ मार्च

सापडलं!

कर्नेलला नाव सापडलं तरी ते तेवढ्यावर थांबत नाही. हेच का ते, म्हणून पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सगळं नाव ताडून बघतं. प्रत्येक वेळी! माणूस समोरून येताना दिसला की आपण त्याला ओळखतो, पायातल्या चपला बघेपर्यंत थांबतो का? माझी सुधारणा : नावाची पहिली बारा घरं जुळली की बस्स. इंग्रजीत एका घरात एक अक्षर. साहेबाचं अख्खं नाव बारा घरांत मावून वर जागा उरते. पुढचं सगळं शेपूट.

इतकी वर्षं इतक्या मोठमोठ्या लोकांना हे सुचू नये? कीव आली.

१९ मार्च

काम थांबलंय. कर्नेल बांधायला घेतलं की वीज जाते. आज दोनदा गेली. महावितरणला संशोधनाचं काही नाही. शिवाय आईनं टँकरवर हंडा घेऊन पाठवलं. न्यूनगंड नसलेल्या माणसालाच हे जमतं, म्हणून गेलो. रांगेत भांडण झालं आणि रिकामा परत आलो. आईनं हंडा माझ्या हातातून घेतला आणि स्वतःच टँकरकडे गेली. तिला बहुतेक संशोधनाचं महत्त्व पटत चाललंय.

२४ मार्च

बांधून झालं. इंग्रजी नावांवर चाचणी घेतली, शंभर टक्के बरोबर. मराठी नावांवर घेतली नाही. नाव ते नाव, भाषेचा काय संबंध? सरळ छावणीच्या मशीनवर बसवलं.

२६ मार्च

शब्द नाहीत.

सकाळी पहिल्या नावाला मशीन थोडं घरघरलं. पहिलं नाव दगडाबाईचंच, त्यामुळे आश्चर्य नाही. पण त्यानंतर जे नाव टाकीन त्याला तत्काळ उत्तर! बोट बटणावरून उचलायच्या आत फाइल हजर. चिठ्ठ्या फटाफट. रांग न्याहारीच्या आत संपली. बंकट चारा तोलतो, त्याला घाम पुसायला सवड मिळाली नाही.

एकच गालबोट. छबुबाई चिठ्ठी परत घेऊन आली आणि म्हणाली, दादा, ह्याच्यावर माजं नाव न्हाई दिसत. मी विचारलं, शाळा किती झाली? चिठ्ठी पदराला बांधून निघून गेली. चारा मिळाला ना, मग चिठ्ठी वाचायची कशाला? नसता चौकसपणा.

२८ मार्च

सुधारणा कर्नेलवाल्यांच्या जागतिक यादीवर मेलनं पाठवली. सोबत वेगाचा तक्ता. शेवटी लिहिलं, की भारतातल्या एका दुष्काळी भागात हे प्रत्यक्ष वापरात असून नागरिक समाधानी आहेत.

आता वाट. वाट बघायची नाही असं ठरवलंय. आज मेल बरेचदा उघडला, पण तो सवय म्हणून.

३ एप्रिल

उत्तर आलं! खुद्द तिथल्या एका मोठ्या माणसाचं. एवढंच लिहिलंय, की हा बदल चुकीची फाइल आणून देतो. आणि खाली, एकट्या ओळीत, ठसठशीत : नॅक.

पहिलं वाक्य मी मनावर घेतलेलं नाही. मोठी माणसं कौतुक करण्याआधी एखादं खुसपट काढतातच. महत्त्वाचा तो शेवटचा शब्द. त्या यादीवर काम पसंत पडलं की ॲक देतात, हे मला माहीत होतं. नॅक म्हणजे त्याच्याही वरचं काहीतरी असणार.

अण्णांना दाखवलं. ते खुर्चीतून उठले. अण्णा एका कॉलेजच्या संचालक मंडळावर आहेत. म्हणाले, आरं, आमच्या कालेजला नॅकवाले आल्ते तवा भिती रंगवल्या, कुंड्या भाड्यानं आनल्या, जेवनात दोन गोड पदार्थ ठिवले, तरी शेवटची श्रेनी मिळाली. अन तुला बसल्या जागी नॅक?

मला क्षणभर शंका आली. कॉलेजच्या नॅकच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ए दोनदा आहे, इथं एकदाच. पण अमेरिकन लोक स्पेलिंग छाटतातच. कलरमधला यू त्यांनी कधीच काढून टाकलाय. शंका मिटली.

९ एप्रिल

केजच्या रस्त्याला फ्लेक्स लागला. ‘आमचे पुतणे कर्नल गहिनीनाथ मुळे यांस अमेरिकेचे नॅक मानांकन मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ कर्नलची दुरुस्ती करा म्हटलं, तर अण्णा म्हणाले, छापून झालंय. मी कोपऱ्यात आहे. मध्ये अण्णा, खाली सगळे संचालक, काळे चष्मे लावून. चेहरा माझाच सर्वात हुशार दिसतो, हे लांबूनही कळतं.

सोळा तारखेला छावणीच्या तपासणीला तहसीलचे साहेब येणार आहेत. तपासणीत सगळं बरोबर निघालं तरच छावणी पुढे चालेल. त्याच मांडवात माझा सत्कार, शाल आणि नारळ. अण्णा एका खर्चात दोन कामं उरकतात.

फ्लेक्सचा फोटो कुलथेला पाठवला. मजकूर काही लिहिला नाही. मोठेपणा.

१२ एप्रिल

कुलथेचा फोन आला. आधी बराच वेळ हसत होता. मला वाटलं, आनंद झाला. मग म्हणाला, गह्या, यादीवरचा तुझा मेल वाचला. नॅक म्हणजे नकार रे. कचऱ्यात टाकलं तर लिहितात तो शब्द.

मी म्हटलं, पण वेग बघा ना, सर.

त्यानं विचारलं, मराठी अक्षराला किती घरं लागतात? तीन. उकाराला? वेगळी तीन. मात्रेला? तीन. मग म, उकार, ळ, मात्रा मिळून किती? बारा. म्हणजे तुझं कर्नेल ‘मुळे’ एवढंच बघतं आणि पुढचं नाव न बघता जी फाइल आधी हाताला लागेल ती देतं. आता सांग, तुझ्या सोसायटीत आडनावं किती?

मी म्हणालो, एक.

तो पुन्हा हसायला लागला. मी फोन ठेवला. कुलथेची कंपनी मुळातच माझ्या लायकीची नव्हती. तो मोठा माणूसही लायकीचा नाही. नकार द्यायचा तर सरळ शब्दांत द्यावा.

१३ एप्रिल

सहज म्हणून दगडाबाईची फाइल उघडली. रोज सकाळी पहिली तीच, त्यामुळे दिवसभर प्रत्येकाच्या नावाला तिचीच फाइल हाताशी. सव्वीस मार्चपासून जेवढी जनावरं चढवली ती सगळी तिच्या नावावर. अण्णांच्या म्हशी. छबुबाईची कालवड. आमच्या दोन गाई.

जुनं कर्नेल परत बसवता येईल. पण बसवलं की लोक विचारतील का बसवलं. फ्लेक्स अजून रस्त्यावर आहे. आणि साहेब लोक तपासणीत चहा पितात, फाइली बघत नाहीत. निर्णय : काही करायचं नाही. सत्कारानंतर बघू.

१६ एप्रिल

साहेबांनी चहा घेतला नाही. खुर्ची ओढून थेट मशीनसमोर बसले.

म्हणाले, एखाद्या सभासदाचं नाव टाका. टाकलं. मुळे दगडाबाई. दुसरं टाका. मुळे दगडाबाई. अण्णांचं टाका. मुळे दगडाबाई. साहेब म्हणाले, स्पीड चांगला आहे. मी नम्रपणे मान झुकवली. सवयीनं झुकली.

मग त्यांनी विचारलं, या बाई कोण? दगडाबाई म्हशीला तिथंच सोडून पुढे आली. साहेबांनी विचारलं, आजी, ही सगळी जनावरं तुमची? तिनं माळावर नजर टाकली, मग माझ्याकडे बघितलं. म्हणाली, मशीन म्हनतंय म्हंजे असतीलच की साहेब. माजं कुनी ऐकतं व्हय इतं?

अण्णांनी साहेबांना बाजूला नेलं. खूप हातवारे केले. साहेब एवढंच म्हणाले, की सगळ्या सभासदांचे कागद नव्यानं तपासून होईपर्यंत नोंदीप्रमाणे मालक एकच. चारा त्या मालकिणीच्या हुकमाशिवाय हलणार नाही. बंकटला तसं बजावलंही. जनावरं उपाशी मारायची नसतील तर हा एकच रस्ता, म्हणाले.

शाल आणलेली होती. ती दगडाबाईला गेली.

१८ एप्रिल

मशीन बंद. पंख्याखालच्या खुर्चीत दगडाबाई, अंगावर शाल, एवढ्या उन्हातही. समोर रांग. रांगेत अण्णासुद्धा, टोपी हातात धरून. आईनं सकाळी मला पाठवताना सांगितलं, की कालपासून गाईंच्या तोंडात काडी न्हाई, आज हात हलवत येऊ नगंस. दावणीवरून त्या हंबरत होत्या. त्यातल्या आमच्या कुठल्या, हे मला आवाजावरून कळत नव्हतं. लाज वाटली. इथं कुणी वाचणार नाही, म्हणून लिहितो.

बाई प्रत्येकाला सावकाश विचारत होती, बंकट तिच्या मानेच्या इशाऱ्यावर चारा तोलत होता. माझी पाळी आली. मी नाव सांगितलं, मुळे गहिनीनाथ. ती म्हणाली, मुळे तर समदेच हायेत. तुज्या नावाला काय करू? चारा गाय खाती. गाईचं नाव सांग.

पुढच्या सगळ्यांनी सांगितली होती. अण्णांनीही तीन म्हशींची तिन्ही नावं सांगितली, न अडखळता. मी उभा राहिलो. तांबडी एक आहे, दुसरी पांढरी, असं काहीतरी म्हणालो. मागचे लोक हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

बाई रागावली नाही. म्हणाली, जा, आईला इचारून ये, मी हाय इतंच.

घरी आलोय. दाराला कडी, आई टँकरवर गेलीय. ओसरीवर बसून आठवून बघतोय. दोन्ही गाई मी कॉलेजला जायच्या आधीपासून दारात आहेत, आई रोज त्यांना हाका मारते.

एकही आठवत नाही.