चारही अधिक, चारही उणे

इस्तंबूल, नोव्हेंबर १९४६

प्रिय फोल्कमार,

तेरा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. तुला माझी सही हवी आहे; तिचं मग बघू. आधी ख्यालीखुशाली. मी इथे इंजिनिअर होऊ घातलेल्या पोरांना मोडक्यातोडक्या तुर्कीत गणित शिकवते. बाबा गेले. कुठे, कसे, हे तू विचारलं नाहीस, मीही सांगत नाही. तुझ्या आईचा आलुबुखारांचा केक मात्र अजून आठवतो. मेली जीभ निर्लज्जच असते.

तेहेतीसचा वसंत. आपलं लग्न ठरलेलं. सेमिनारमध्ये तू ठासून सांगितलंस की चलं कशीही बदला, वर्गरूपाच्या तीन खुणा बदलत नाहीत. आणि दोन रूपांच्या त्या तिन्ही जुळल्या की रूपं एकच, मग संख्याक्षेत्र कुठलंही असो. तुझ्या लाडक्या क्षेत्रांत ते खरंच होतं. पण त्यांत तू असा बुडालास की शाळेतल्या साध्या संख्याच विसरलास. पुढच्या आठवड्यात माझी पाळी. मी फळ्यावर चार वर्गांची बेरीज लिहिली, शेजारी तेच चारही वर्ग उणे करून. तिन्ही खुणा तंतोतंत जुळतात, आणि एक रूप कधी शून्याखाली जात नाही, दुसरं कधी शून्याच्या वर येत नाही.

आपल्याकडे व्याख्यान पटलं की बाकावर टकटक करायची, नाही पटलं की पाय घासायचे. मागच्या तपकिरी शर्टवाल्या नाझी पोरांनी पाय घासायला सुरुवात केली. त्यांना कसलं गणित? माझं ज्यू आडनाव खुपत होतं. मी आधारासाठी पहिल्या बाकाकडे पाहिलं, तर तुझेही बूट हलत होते. बाहेर आल्यावर म्हणालास, “निदान आज तरी माझी चूक काढायची नव्हतीस.” त्याच महिन्यात मला नोकरीवरून काढलं. अंगठी मी पोस्टाने पाठवली. तुझी पोच आली, बाकी एक अक्षर नाही. फार रडले तेव्हा.

आता नाझींना निवडून काढणाऱ्या समितीसमोर तुझी चौकशी आहे, प्राध्यापकी परत हवी आहे, आणि निर्दोष असल्याच्या दाखल्यावर ज्यू माणसाची सही असली की वजन पडतं, म्हणून माझी आठवण झाली. तू पक्षात नव्हतास, खरं. कुणावर हात उगारला नाहीस, खरं. त्यांच्या बाजूने एक ओळ लिहिली नाहीस, तेही खरं. समितीला एवढं पुरेल कदाचित. तू लिहितोस, “तुझ्याइतकं मला कुणी ओळखत नाही.” अगदी खरं आहे रे. म्हणूनच सही करत नाही.

कधीकाळी तुझीच असलेली,
रेगिना