एस्तरबाईंचं गुणगुणणं

महारोग्यांचा दवाखाना, सोलापूर
एप्रिल १९७४

एस्तरबाई,
रंभाबाईचा नमस्कार.

तीन वर्सं तुमी रोज माझ्या पायाची जखम धुतली, ती बी गुणगुणत. मला कोडं पडायचं, या बाईला वास येत न्हाय का? म्हणून एकदा उशाखाली मोगरा लपवला. तुमी दारातनंच म्हणालात, "रंभाबाई, मोगरा कुठून आणला?" मग तर लईच कोडं पडलं. इचारलं तर म्हणालात, "येशूनं शिष्यांचे पाय धुतले, म्हणून मी धुते."

तुमची बदली झाली. नवी नर्स अजून आली न्हाय, म्हणून काल शेजारच्या कमलम्माचा पाय मीच धुवायला घेतला. पट्टी सोडली आन वास नाकात भरला. उठणारच हुते, तेवढ्यात तुमचं गाणं आपसूक तोंडात आलं. गुणगुणताना श्वास भाईरच जातो, वास आत येत न्हाय.

म्हंजी तुमाला रोज वास येत हुता की, बाई.

कमलम्मानं इचारलं, "तुला वास येत न्हाय का गं?"

"न्हाय," म्हणलं.

हे पत्र धाडत न्हाय. वाचलं तर तिकडल्या दवाखान्यातल्या बायकांपुढं गुणगुणायला तुमी अवघडाल.

तुमची,
रंभाबाई, खाट नंबर सात