हरणामावशींचा गळा

३ नोव्हेंबर
ह्यांच्याशी फोनवर भांडण. नवरा पठाणकोटला ड्यूटीवर, आणि भांडण कशावरून – तर पेनड्राइव्हवरून! उसाचा सीझन सुरू झालाय. सकाळपासून सात ट्रॅक्टरवाले माझ्या मोबाइलच्या दुकानात. "वहिनी, पाचशे गाणी भरा, लय दणक्याची पायजेत." पन्नास रुपयांत भरून दिली. सगळी नेटवरून फुकट उतरवलेली. सहज बोलून गेले, तर म्हणतात, "राजेश्वरी, ही चोरी आहे. मी महिन्याला पैसे भरून ऐकतो." भरा बाबा! इथं कारखान्याच्या वजनकाट्यावर माणूस बारा-बारा तास रांगेत. त्याला रेंज कुठली, आणि ते महिन्याचं कोण भरणार? फोन आपटलाच मी.

५ नोव्हेंबर
शब्द डोक्यातून जात नाही. चोरी म्हणे!

११ नोव्हेंबर
आज हरणामावशी आल्या. दर वर्षी मेंढरं घेऊन आटपाडीकडून इकडं कडेगावला येतात. यंदा कळप नाथाजीभाऊंच्या रानात बसवलाय. फोन चार्जिंगला लावायचा होता. दारात एका ट्रॅक्टरवर धनगरी ओव्या लागलेल्या – मीच भरून दिलेल्या. मावशी पायरीवरच थबकल्या.
"आगं, ह्यो तर माजा गळा!"
मला खरं वाटेना. तर तिथंच उभ्या-उभ्या पुढची ओवी म्हटली. हुबेहूब तोच आवाज.
चार वर्षांपूर्वी सांगलीच्या कुणा गाण्यांच्या कंपनीवाल्यानं नेलं होतं म्हणे. आठ ओव्या म्हणून घेतल्या, एक पातळ दिलं, पाच हजार दिले, कागदावर अंगठा घेतला. पुन्हा फिरकला नाही.
मग मावशींनी विचारलं, "लोकं ह्ये इकत घेत्यात व्हय? मग त्ये पैसं कुणाला?"
मला, मावशी. मला. हे मनातच म्हटलं. चहा पाजला. चार्जिंगचे दहा रुपये घेतले नाहीत – एवढाच काय तो माझा मोठेपणा!

१४ नोव्हेंबर
डाउनलोड बंद. ठरवलं म्हणजे ठरवलं. ह्यांना सांगितलं तर स्वारी भलतीच खूश. गिऱ्हाईक मात्र शेजारच्या जोतीरामकडे पळालं. "वहिनी लय साधू झाल्या," म्हणतात. म्हणोत.

२० नोव्हेंबर
सुचलं! चोरायचं कशाला, गाणारीच इथं आहे. रानात जाऊन मोबाइलवर मावशींच्या त्याच आठ ओव्या रेकॉर्ड केल्या. ट्रॅक्टरवाले त्याच मागतात ना! मागं मेंढरं ओरडतात, कुत्रं भुंकतं, पण त्या कंपनीच्या ढोलकीपेक्षा कितीतरी गोड. परवानगी रीतसर विचारली. मावशी खळखळून हसल्या. "आयनं शिकिवल्या, मी म्हणते. गळा माजा हाय. कुणाच्या बापाला इच्यारायचं?"
बरोबरच आहे की! गाणारी 'हो' म्हणाली म्हणजे झालं. पेनड्राइव्हमागे वीस रुपये त्यांचे. नेटवरच्या माझ्या चॅनेलवरही टाकल्या, त्यांच्या नावासकट. तो कागद काय होता, हे विचारायचं मनात आलं होतं. राहिलं.

२ डिसेंबर
पोरं परत यायला लागली. "वहिनी, ती मेंढरांवाली ओवी भरा!" मावशींच्या हातात पहिले पैसे दिले. न मोजताच पदराच्या गाठीत बांधले. म्हणाल्या, "आयला कवा कुणी रुपाया दिला न्हाई गाण्याचा." मला रडू आलं. कितीतरी दिवसांनी स्वतःच्या दुकानात ताठ मानेनं बसले.

९ डिसेंबर
चॅनेलवरून आठही ओव्या गायब. हक्क दुसऱ्याचे आहेत म्हणे! आईच्या ओव्यांवर दुसरा कोण? काहीतरी घोटाळा झाला असणार.

१६ डिसेंबर
मावशी आल्या. गावाकडून लेकानं पाठवलेला लिफाफा घेऊन. वकिलाची नोटीस. अंगठा दिला त्या दिवसापासून त्या ओव्या कंपनीच्या. दुसऱ्या कुणासाठी म्हणायच्या नाहीत, असं कबूल केलेलं. म्हटल्या, म्हणून दोन लाख भरा. वर नाव मावशींचं. माझं कुठंच नाही.
मावशी समोर बसून वाट बघत होत्या. तोंडभर हसू. "काय म्हणत्यात गं? कंपनीवालं आनखी पैसं द्याचं म्हणत्यात व्हय?"
म्हटलं, "इंग्रजीत आहे मावशी. उद्या सांगते."
नोटीस स्वच्छ मराठीत आहे.